सालबाईचा तह (१७८२) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा विषय निघाला की बोलणे वडगावावर येऊन थांबते. वडगावला आपण इंग्रजांना कोंडले, शरण आणले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्यानंतर युद्ध आणखी तीन वर्षे चालले आणि मिटले ते ग्वाल्हेरच्या दक्षिणेला असलेल्या सालबाई नावाच्या गावी, १७ मे १७८२ रोजी. त्या तहाविषयी विद्यार्थी, गडकोट पाहायला बरोबर येणारी मंडळी आणि घरातली जाणती माणसे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

युद्ध मुळात पेटले कशावरून?

शाळेत शिकवतात ते कारण खरे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते राघोबादादा गादीवर बसले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांना मुलगा झाला आणि नाना फडणीस, सखारामबापू बोकील वगैरे कारभाऱ्यांच्या गटाने, म्हणजे बारभाईंनी, त्या तान्ह्या सवाई माधवरावांना पेशवेपदाची वस्त्रे आणवली. राघोबादादा बाजूला पडले, गुजरातेत गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. इंग्रजांनी फौज द्यायची, दादांनी साष्टी आणि वसई द्यायची, असा सौदा ठरला.

आता तारखा नीट पाहा. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी जिंकला तो डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, म्हणजे सुरतेच्या तहाच्या दोन महिने आधी. दादांची सही होण्यापूर्वीच इंग्रज साष्टीत शिरले होते. त्यामुळे ‘राघोबाने साष्टी दिली’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. घेणाऱ्याने आधी घेतली आणि मग देणाऱ्याची सही घेतली. भाऊबंदकीने इंग्रजांना निमित्त मिळाले. त्यांचा साष्टीवरचा डोळा मात्र जुना होता.

साष्टी म्हणजे नेमका कोणता भाग?

आजचे ठाणे शहर, मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, भाईंदर हे सगळे साष्टी बेटावर आहे. त्या काळची इंग्रजांची मुंबई म्हणजे दक्षिणेकडची छोटी बेटे. तिथे धान्य पुरेसे पिकत नव्हते आणि उत्तरेकडून कोणीही खाडी ओलांडून अंगावर येऊ शकत होता. साष्टी हातात आली की मुंबईला भात मिळतो आणि पाठ सुरक्षित होते. हे साधे गणित मुंबईच्या प्रत्येक गव्हर्नरच्या डोक्यात होते.

आपल्या बाजूनेही या बेटाची किंमत कमी नव्हती. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी पोर्तुगिजांकडून जिंकली, १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. वसईच्या तटाखाली किती माणसे पडली हे त्या वेळची पत्रे वाचताना कळते आणि वाचणे थांबवावे लागते. अशी मिळवलेली साष्टी सदतीस वर्षांत गेली.

सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई : इतके तह कशाला? माझा नेहमी घोळ होतो.

घोळ होणे साहजिक आहे. मुंबईकर इंग्रज आणि कलकत्त्याचे इंग्रज तेव्हा एका तोंडाने बोलत नव्हते. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तह यांचा शेवटचा अधिकार कलकत्त्याकडे गेला होता, पण मुंबईला तो मनापासून मान्य नव्हता.

सुरतेचा तह (१७७५) मुंबईने केला आणि कलकत्त्याने तो नामंजूर केला. मग कलकत्त्याने कर्नल अप्टनला पाठवून बारभाईंशी १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. (शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांचा १६६५ चा पुरंदरचा तह वेगळा. परीक्षेत हे दोन हमखास मिसळतात.) या तहात इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडायचे कबूल केले, पण साष्टी स्वतःकडेच ठेवली आणि वर युद्धखर्चाचे बारा लाख रुपये मागून घेतले. हा तह मुंबईला आवडला नाही. त्यातच १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, नानांनी त्याचे आगतस्वागत केले आणि मुंबईकर बिथरले. १७७८ च्या अखेरीस त्यांनी राघोबादादांना घेऊन पुण्यावर चाल केली. ती वडगावला संपली. वडगावचा करार (जानेवारी १७७९) मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही झिडकारला. मग आणखी तीन वर्षे लढाई आणि शेवटी सालबाई.

या चार तहांपैकी प्रत्यक्षात टिकला तो एकटा सालबाईचा.

वडगावला आपण जिंकलो. मग सालबाईला साष्टी इंग्रजांकडे कशी राहिली?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते सालबाई समजून घ्यायची असेल तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

आधी वडगाव. मुंबईहून निघालेली जवळपास चार हजारांची फौज घाट चढून वर आली. बरोबर तोफा, दारूगोळा आणि सामान ओढणारे हजारो बैल. एवढे लटांबर घेऊन ती दिवसाला कशीबशी मैलभर सरकत होती. मराठे समोरासमोर लढाई देत नव्हते. चारापाणी तोडायचे, बाजूने टोचत राहायचे, मागची वाट बंद करायची. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मारला गेला. मराठ्यांनीच त्याला नाव दिले होते ‘इष्टुर फाकडा’. शत्रूच्या शौर्याला फाकडा म्हणणारी ती माणसे होती, याचे मला फार कौतुक वाटते. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले तर गाव जळालेले, धान्याचा दाणा नाही. वेळ पडली तर चिंचवड आणि पुणेही जाळायची तयारी मराठ्यांनी ठेवली होती. दोन दिवसांनी, ११ जानेवारीच्या रात्री, इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामानाला आग लावली आणि अंधारात माघार घेतली. आगीच्या उजेडाने आणि गलक्याने मराठ्यांना सगळे कळले. सकाळपर्यंत ती फौज वडगावला चारी बाजूंनी कोंडली गेली.

तिथे झालेल्या करारात एक महत्त्वाचा शब्द होता : थोरल्या माधवरावांच्या वेळी जे जसे होते, ते तसे परत करायचे. थोरले माधवराव वारले १७७२ मध्ये. म्हणजे या कराराने साष्टी परत आली असती. हा करार इंग्रजांनी मोडला.

आता सालबाईचे कलम पाहा. त्यात लिहिले आहे की पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख परत करायचा. पुरंदरनंतर! १७७२ ऐवजी १७७६. साष्टी गेली १७७४ मध्ये. मोजणीची तारीख चार वर्षे पुढे सरकली आणि साष्टी अलगद पलीकडच्या बाजूला राहिली. वसई १७८० मध्ये पडली होती, म्हणून ती परत मिळाली. दोन्ही ठिकाणे एकाच मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेली, मधे फक्त एक खाडी. एक मिळाले, एक गेले, आणि कारण काय तर तहनाम्यातली एक तारीख.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, कुठलाही तह वाचताना कोणाला काय मिळाले हे नंतर बघा. आधी बघा की हिशेब कधीपासून धरला आहे.

वडगाव आणि सालबाई यांच्या मधल्या तीन वर्षांत काय घडले?

थोडक्यात सांगायचे तर दोन्ही बाजू जिंकत होत्या आणि दोन्ही बाजू थकत होत्या.

बंगालहून निघालेला कर्नल गोडार्ड हिंदुस्थान आडवा कापत फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेला पोहोचला. राघोबादादा उत्तरेतले मराठा सरदार महादजी शिंदे यांच्या ताब्यातून निसटून त्यालाच जाऊन मिळाले. गोडार्डने फेब्रुवारी १७८० मध्ये अहमदाबाद घेतले, फत्तेसिंग गायकवाड त्याच्या बाजूला गेले आणि डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली. वसई पडली त्याच सुमारास दुगाडच्या लढाईत रामचंद्र गणेश कानडे कामी आले. उत्तरेत इंग्रज अधिकारी पॉपहॅमने ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री ग्वाल्हेरचा किल्ला शिड्या लावून घेतला. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेली गवताची पायताणे होती. महादजींच्या घराशेजारचा, अभेद्य म्हणून नावाजलेला किल्ला एका रात्रीत गेला.

दुसऱ्या बाजूने, १७८१ मध्ये गोडार्ड बोरघाटाशी येऊन पुण्याला दम देत बसला होता, त्याला हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी असे हैराण केले की एप्रिलमध्ये तो पनवेलकडे परतला. त्या माघारीत त्याची चारशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. वडगावइतकी ही घटना गाजली नाही, पण इंग्रजांच्या मनातून पुणे घेण्याचा विचार काढला तो याच माघारीने, असे माझे मत आहे.

इंग्रजांना तहाची एवढी निकड का होती?

कारण नानांनी त्यांच्याभोवती फास आवळला होता. १७८० मध्ये पेशवे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौघांची एकजूट झाली. हैदर कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबर १७८० रोजी पोलिलूरला त्याने कर्नल बेलीची फौज बुडवली. मद्रास हादरले. तिकडे अमेरिकेत इंग्रजांचे युद्ध बिघडत चालले होते, फ्रेंच त्यांच्याविरुद्ध उतरले होते आणि फ्रेंच आरमार हिंदी महासागरात येणार हे दिसत होते. कलकत्त्याच्या तिजोरीत पैसा नव्हता. पैशासाठी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगाला पिळले आणि ऑगस्ट १७८१ मध्ये तिथे बंडच झाले.

हेस्टिंग्जने मग एकेक दोरा सोडवायला घेतला. निजामाला गुंटूर परत देऊन गप्प केले. मुधोजी भोसल्यांची फौज ओरिसापर्यंत आली होती, तिला पैसे देऊन थांबवले. उरले पुणे आणि हैदर. दोघांशी एकदम लढणे परवडत नव्हते, म्हणून मराठ्यांशी तह.

आणि मराठ्यांना?

सात वर्षांच्या युद्धाने खजिना रिकामा झाला होता, गुजरात आणि कोकणातला वसूल तुटला होता. पण खरी निकड पुण्याला नव्हती, महादजींना होती. ग्वाल्हेर गेले होते, गोहदचा राणा इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता आणि मार्च १७८१ मध्ये इंग्रज अधिकारी कॅमॅकने माळव्यात त्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला होता. युद्ध पुण्याचे आणि आग स्वतःच्या घराला, अशी त्यांची अवस्था झाली. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी त्यांनी कर्नल म्यूरशी स्वतःपुरता समझोता केला. त्याच समझोत्यात, पेशवे आणि इंग्रज यांच्यात मध्यस्थी करायची जबाबदारी त्यांनी घेतली.

म्हणजे महादजींनी पुण्याला फसवले?

हा आरोप मी अनेकदा ऐकतो. तसाच उलटा दावाही ऐकतो, की पाटीलबावांनी, म्हणजे महादजींनी, दौलत वाचवली. मला दोन्ही टोके पटत नाहीत.

महादजींनी सालबाईला तह केला तो पेशव्यांचा मुखत्यार म्हणून. नानांनी तसे अधिकार दिले होते. पानिपतावर पाय जायबंदी झालेला हा माणूस तेव्हा पन्नाशीच्या पुढे होता. आयुष्यभर तो पेशव्यांच्या नावानेच बोलला. त्याला पुण्याचा द्रोही म्हणणे अन्यायाचे आहे.

पण एक कलम असे आहे की ते वाचताना आजही मला खटकते. दोन्ही बाजूंनी तह पाळावा यासाठी महादजी शिंदे जामीन राहिले. जो पक्ष तह मोडेल त्याच्याविरुद्ध ते दुसऱ्या पक्षाला मदत करणार. आता विचार करा : सरदार धन्याचा जामीन कसा होतो? जामीन राहायला दोन्ही पक्षांच्या बाहेर उभे राहावे लागते. या एका कलमाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने कागदावर मान्य करून टाकले की शिंदे ही पुण्याहून वेगळी, स्वतंत्र सत्ता आहे. डेव्हिड अँडरसन, ज्याने कंपनीतर्फे सालबाईला वाटाघाटी केल्या, तो पुढे महादजींच्या छावणीतच कंपनीचा वकील म्हणून राहिला. इंग्रजांना पुण्याशी बोलायचे तर शिंद्यांच्या तंबूतून जावे लागे. नानांना हे किती झोंबले असेल!

महादजींनी हे जाणूनबुजून केले का? त्यांना ते सोयीचे होते, एवढे नक्की. भडोच शहर इंग्रजांनी त्यांना दिले ते वडगावला कोंडलेल्या फौजेशी माणुसकीने वागल्याबद्दल. एकेका सरदाराशी वेगळे बोलायचे, वेगळे द्यायचे, ही पुढच्या वीस वर्षांतली कंपनीची रीत इथे आकाराला आली.

तहातली मुख्य कलमे कोणती?

एकूण सतरा कलमे आहेत. कामाची सांगतो. पुरंदरच्या तहानंतर जिंकलेली वसई व इतर ठिकाणे इंग्रजांनी पेशव्यांना परत करायची. साष्टी, घारापुरी, करंजा (म्हणजे आजचे उरण) आणि हॉग बेट इंग्रजांकडे राहणार. भडोच शहरावर इंग्रजांचा हक्क राहणार, ते त्यांनी पुढे महादजींना दिले. गायकवाडांचा मुलूख युद्धापूर्वी होता तसा राहणार. राघोबादादांना इंग्रजांनी पैशाची वा फौजेची मदत करायची नाही. दादांनी चार महिन्यांत राहण्याचे ठिकाण ठरवायचे आणि पेशव्यांनी त्यांना दरमहा २५,००० रुपये द्यायचे. पोर्तुगिजांखेरीज इतर युरोपियनांना, म्हणजे मुख्यतः फ्रेंचांना, पेशव्यांनी आपल्या मुलखात वखारी घालू द्यायच्या नाहीत. आणि हैदर अलीने इंग्रज व अर्काटचा नवाब यांचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, याची जबाबदारी पेशव्यांनी घ्यायची.

सवाई माधवराव हेच पेशवे, हेही यातून कायम झाले. ज्या प्रश्नावरून युद्ध झाले तो प्रश्न पुण्याने पूर्णपणे जिंकला, हे विसरू नये.

तह मे महिन्यात झाला, मग नानांनी शिक्का द्यायला डिसेंबर का उजाडवला?

हेस्टिंग्जने ६ जून १७८२ रोजी, म्हणजे तीन आठवड्यांत, मान्यता दिली. त्याची घाई यावरूनच दिसते. नानांनी २० डिसेंबर १७८२ पर्यंत कागद अडवून धरला आणि मंजूर प्रतींची देवाणघेवाण २४ फेब्रुवारी १७८३ रोजी झाली.

नानांच्या हातात तेव्हा एकच हत्यार उरले होते, ते म्हणजे वेळ. हैदर मैदानात होता, फ्रेंच आरमार किनाऱ्यावर आले होते. तहावर शिक्का नाही तोवर मराठे पुन्हा हैदराच्या बाजूने उतरतील ही धास्ती इंग्रजांना होती. या धास्तीच्या जोरावर साष्टी सोडवता आली तर पाहावी, असा नानांचा प्रयत्न होता. माझ्या दृष्टीने नानांच्या सबंध कारकिर्दीतला हा सर्वांत तणावाचा काळ. महादजी उत्तरेतून घाई करतायत, इंग्रज घाई करतायत आणि पुण्यात हा सडपातळ माणूस बातम्यांची वाट पाहत थांबलाय.

मग ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर छावणीतच वारला. बातमी आल्यावर थांबण्यात काही उरले नाही. तेरा दिवसांनी शिक्का झाला.

हैदर अलीला मराठ्यांनी वाऱ्यावर सोडले का?

हो. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

गोडार्डने पहिल्यांदा तहाचे बोलणे लावले तेव्हा नानांनी कळवले होते की हैदरला वगळून तह होणार नाही. सालबाईत हैदर आला, पण कलमातली वस्तू म्हणून. त्याला न विचारता त्याने जिंकलेला मुलूख परत करायचे मराठ्यांनी कबूल केले. पेशव्यांचे आणि हैदराचे जुने वैर होते, थोरल्या माधवरावांनी त्याच्यावर लागोपाठ मोहिमा केल्या होत्या, हे सगळे मान्य. तरी १७८० मध्ये दिलेला शब्द होता.

त्याचे परिणाम झालेच. टिपूने ते कलम जुमानले नाही. ११ मार्च १७८४ रोजी त्याने मंगळूरला इंग्रजांशी पुण्याला बाजूला ठेवून तह केला. १७८५ ते १७८७ मराठे आणि टिपू आपसांत लढले. १७९० मध्ये मराठे, निजाम आणि इंग्रज एकत्र होऊन टिपूवर गेले. दक्षिणेतल्या दोन मोठ्या सत्ता पुन्हा कधीही इंग्रजांविरुद्ध एका बाजूला उभ्या राहिल्या नाहीत. ती चौकडी १७८० मध्ये एकदाच जमली होती.

राघोबादादांचे पुढे काय झाले?

त्यांनी कोपरगाव निवडले. गोदावरीकाठी थोडेच महिने काढून १७८३ च्या डिसेंबरात ते वारले. अटकेपर्यंतच्या मोहिमेत नाव कमावलेला माणूस शेवटी महिन्याच्या नेमणुकीवर राहिला. त्यांच्याबद्दल राग येतो तसे वाईटही वाटते. त्यांच्या मागे आनंदीबाई आणि मुलगे राहिले. त्यातले बाजीराव तेव्हा आठ वर्षांचे होते.

शेवटी जिंकले कोण?

लढाईचा हिशेब केला तर बरोबरी. इंग्रजांना राघोबादादांना पुण्यात बसवता आले नाही, सात वर्षे पैसा आणि माणसे घालून त्यांना मिळाली ती युद्धाच्या तोंडावरच घेतलेली साष्टी आणि आजूबाजूची लहान बेटे. मराठ्यांनी गादी राखली, वसई परत घेतली, पुणे राखले. त्या काळात हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कोणत्या सत्तेने कंपनीकडून असा तह करून घेतला होता? १७८२ च्या नजरेने पाहिले तर नानांनी आणि महादजींनी मोठे काम केले, असेच मी म्हणेन.

मात्र इंग्रजांना हवी असलेली वस्तू जमिनीपेक्षा वेगळी होती. त्यांना उसंत हवी होती आणि ती मिळाली.

तहाचे दूरवरचे परिणाम कोणते?

पुढची वीस वर्षे मराठे आणि इंग्रज यांच्यात युद्ध झाले नाही. या काळाचा सर्वांत चांगला उपयोग महादजींनी केला. १७८३ मध्ये त्यांनी ग्वाल्हेर परत घेतले, १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकी (बादशहाच्या वतीने कारभाराचा सर्वाधिकार) मिळवली, द बॉयनसारखा युरोपियन सेनानी नेमून कवायती पलटणी उभ्या केल्या. सालबाईची शांतता नसती तर हे शक्य नव्हते.

पुण्यात नानांनी इंग्रजांशी थेट बोलण्याची वाट काढली. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट कंपनीचा वकील म्हणून पुण्यात आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहू लागला. महादजींना हे नको होते, नानांना हवे होते. दोघा थोर माणसांच्या ओढाताणीत पेशव्यांच्या राजधानीत इंग्रजांना कायमचे ठाणे मिळाले. दरबारात कोण कोणावर रुसले, कोणाच्या फौजेचा पगार थकला, हे संगमावरून मुंबई-कलकत्त्याला रोज कळू लागले.

मग माणसे गेली. महादजी १७९४ मध्ये वानवडीला, सवाई माधवराव १७९५ मध्ये, नाना १८०० मध्ये. पेशवेपद आले ते राघोबादादांचे पुत्र दुसरे बाजीराव यांच्याकडे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तैनाती फौज पत्करली. तो तह झाला वसईला, सालबाईच्या पहिल्याच कलमाने परत मिळालेल्या वसईला. १८०३ मध्ये दुसरे युद्ध सुरू झाले.

आणि साष्टी? शीवला बांध घालून इंग्रजांनी ती मुंबईला जोडली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी साष्टीवरूनच ठाण्याला गेली.

स्पर्धा परीक्षेसाठी काय लक्षात ठेवू?

तारीख १७ मे १७८२. पेशव्यांतर्फे महादजी शिंदे, कंपनीतर्फे डेव्हिड अँडरसन. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. पेशवे सवाई माधवराव. साष्टी इंग्रजांकडे, वसई परत. राघोबांना दरमहा २५,०००. क्रम : सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई. मान्यतेची तारीख विचारली तर ती वेगळी आहे, वर दिली आहे.

यातले आज काय पाहायला मिळते?

वडगाव मावळला जा. तिथे इष्टुर फाकड्याची समाधी दाखवतात. तळेगाव तिथून जवळच. तळ्याच्या काठी उभे राहिले की थंडीतल्या त्या रात्री पाण्यात पडणाऱ्या तोफांचा आवाज मनाशी ऐकू येतो. मी दरवर्षी जानेवारीत जातो. वसईचा किल्ला तर पाहावाच, निदान अर्धा दिवस हाताशी ठेवून.

ठाण्याचा किल्ला मात्र सहज पाहता येत नाही. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. माझे आजोळ ठाण्याचे. लहानपणी आजीचे बोट धरून त्या काळ्या भिंतीवरून जाताना मी एवढेच विचारायचो की आत चोर आहेत का. आजी हो म्हणायची. ही भिंत कोणी कोणाकडून घेतली, हे तिला ठाऊक नव्हते आणि पुढे मला समजले तेव्हा सांगायला ती नव्हती.